एकोणतीस स्थानांची संख्या आणि तिचा ताळा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त प्रकाशित होत असलेल्या या स्मरणिकेत मंदिर, स्थानक, पाठशाळा, चातुर्मास आणि दानशूर पूर्वजांचे कार्य यांविषयी अधिकारी व्यक्तींनी लिहिले आहेच. संपादक मंडळाने मला 'इतिहासावर काहीतरी लिहा' अशी आज्ञा केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी. इतिहासाचा किंवा आगमांचा पंडित नाही. तथापि हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेल्यामुळे आपल्या शास्त्रांतील आकड्यांकडे माझे लक्ष सहज जाते. म्हणून प्रस्तुत लेखात मी एका संख्येचा इतिहास सांगणार आहे. ही संख्या दोन हजार वर्षांच्या आसपास आपल्या परंपरेत जपली गेली आहे. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत ती आहे. आणि तिच्यासोबत ती पडताळून पाहण्याची रीतही आपल्या पूर्वाचार्यांनी दिली आहे.

ती संख्या अशी आहे :

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

अंक मोजून पाहावेत, ते एकोणतीस भरतील. ही संख्या म्हणजे दोनला दोनने सतत गुणत जाऊन शहाण्णव दोनांचा केलेला गुणाकार होय.

सूत्रातील तीन खुणा

अनुयोगद्वार सूत्र हा श्वेतांबर परंपरेतील मान्यवर आगमग्रंथ असून तो आर्यरक्षितसूरींच्या नावाशी जोडला जातो. कोणत्याही वस्तूचे माप द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अंगांनी कसे घ्यावे, याचे विवेचन या ग्रंथात आहे. त्यात प्रश्न येतो की मनुष्यांची संख्या कमीत कमी किती असते? श्यामाचार्यांच्या प्रज्ञापना सूत्रातील शरीरपदातही हा विषय अशाच पद्धतीने आला आहे.

या प्रश्नाचे उत्तर देताना सूत्रकार एकोणतीस अंक ओळीने सांगत नाहीत. ते त्या संख्येचे गुणधर्म सांगतात. पहिली खूण स्थानांची : ही संख्या एकोणतीस स्थाने व्यापते आणि ती तीन यमलपदांच्या वर व चार यमलपदांच्या खाली आहे. यमलपद म्हणजे आठ स्थानांचा गट. तीन गटांची चोवीस स्थाने आणि चार गटांची बत्तीस. एकोणतीस हा आकडा या दोहोंच्या मध्ये बसतो. दुसरी खूण गुणाकाराची : दोनच्या सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले असता ही संख्या येते. तिसरी खूण छेदांची : ही संख्या शहाण्णव वेळा निम्मी होऊ शकते.

दुसऱ्या खुणेतील 'वर्ग' हा शब्द जरा समजून घेतला पाहिजे. येथे दोनचा पहिला वर्ग ४. त्या चारचा वर्ग १६, हा दुसरा. सोळाचा वर्ग २५६, हा तिसरा. त्याचा वर्ग ६५,५३६, हा चौथा. चौथ्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हा पाचवा. आणि त्याचाही वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६, हा सहावा. दिगंबर ग्रंथांत या शेवटच्या तीन संख्यांना पण्णट्ठी, बादाल आणि एकट्ठी अशी सुटसुटीत नावे आहेत. प्राकृतात पण्णट्ठी म्हणजे पासष्ट आणि बादाल म्हणजे बेचाळीस. संख्येचे आरंभीचे अंक हेच तिचे नाव झाले. दुकानात एखाद्या मालाला त्याच्या क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांनीच ओळखावे, तसाच हा प्रकार.

तिसऱ्या खुणेतील छेद आम्हा कापडवाल्यांना समजावून सांगावा लागत नाही. बत्तीस वारांचा तागा घेतला आणि मधोमध दुमडला की सोळा, पुन्हा दुमडला की आठ, मग चार, दोन आणि शेवटी एक वार. पाच घड्यांत बत्तीसाचा एक झाला, म्हणून बत्तीसाचे अर्धच्छेद पाच. याच रीतीने आपली एकोणतीस स्थानांची संख्या निम्मी करत गेले, तर शहाण्णवाव्या वेळी बरोबर एक उरतो. मध्ये कोठेही अपूर्णांक येत नाही. बादालाचे अर्धच्छेद बत्तीस आणि एकट्ठीचे चौसष्ट. दोहोंची बेरीज शहाण्णव. म्हणजे दुसरी आणि तिसरी खूण एकमेकींशी तंतोतंत जुळतात.

पहिली खूणही त्यांच्याशी जुळते. दोनला दहा वेळा घेऊन गुणले की १,०२४ येतात, म्हणजे हजाराहून थोडे अधिक. दर दहा छेदांमागे साधारणतः तीन स्थाने वाढतात. या हिशेबाने शहाण्णव छेदांची संख्या एकोणतीस स्थानांपर्यंत पोहोचते.

मुखपाठाच्या काळातील हिशेब

एकच संख्या तीन प्रकारे सांगण्याचे प्रयोजन काय असावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर मुखपाठाच्या परंपरेत आहे. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर शतकानुशतके आगम गुरुमुखातून शिष्यांच्या कंठात जात राहिले. देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे ते ग्रंथारूढ झाले, ते वीरनिर्वाणानंतर ९८० व्या वर्षी; दुसऱ्या गणनेनुसार ९९३ व्या वर्षी. इतका दीर्घ काळ एकोणतीस अंकांची ओळ स्मरणात ठेवायची, तर एखादा अंक इकडचा तिकडे होणे अगदी स्वाभाविक. परंतु 'सहावा वर्ग गुणिले पाचवा वर्ग' हे शब्द विसरणे कठीण. अंक हरवले तरी या शब्दांवरून ते पुन्हा मांडता येतात. पुढील काळातील टीकाकारांनी ते तसे मांडूनही दाखवले.

जुन्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत रोजमेळ, खतावणी आणि तेरीज अशी व्यवस्था असे. रोजमेळात लिहिलेली रक्कम खतावणीत चढते आणि शेवटी तेरीज जुळली नाही, तर मुनीमजींना रात्री झोप येत नसे. एकच रक्कम दोन-तीन वाटांनी येऊन एकाच ठिकाणी मिळाली पाहिजे, हा त्या व्यवस्थेचा प्राण. सूत्रकारांच्या या तीन खुणांत मला तीच शिस्त दिसते.

ज्यांना स्वतः पडताळा घ्यायचा असेल, त्यांच्यासाठी आपल्या शाळेत शिकवला जाणारा नवाचा ताळा पुरेसा आहे. बादालाच्या अंकांची बेरीज ५८; ५ आणि ८ मिळून १३; १ आणि ३ मिळून ४. एकट्ठीच्या अंकांची बेरीज ८८. त्यावरून १६ आणि मग ७. चार गुणिले सात म्हणजे २८. त्यावरून १० आणि शेवटी १. आता आपल्या मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज करावी. ती १२७ येते. त्यावरून १० आणि शेवटी १. ताळा जमला. अर्थात नवाच्या ताळ्याला मर्यादा आहे. दोन अंकांची आपसात अदलाबदल झाली, तर हा ताळा ती चूक पकडत नाही. तेथे छेदांची कसोटी उपयोगी पडते. एक अंक जरी चुकला, तरी ती संख्या निम्मी करत जाताना एकावर पोहोचण्यापूर्वीच कोठेतरी विषम संख्या आडवी येते आणि चूक उघडी पडते.

वीरसेनस्वामींची शंका

दिगंबर परंपरेत षट्खंडागम हा सिद्धांतग्रंथ पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी रचला. त्यावर वीरसेनाचार्यांनी धवला नावाची विशाल टीका लिहिली. ती इसवी सन ८१६ च्या सुमारास पूर्ण झाल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. धवलेच्या द्रव्यप्रमाणानुगम या भागात जीवांच्या संख्यांचा विचार आहे आणि गणिताचा मोठा ठेवा तेथे साठवलेला आहे. अर्धच्छेदाप्रमाणेच तीनने भाग देत जाण्याचे त्रिकच्छेद आणि चारने भाग देत जाण्याचे चतुर्थच्छेद यांचाही त्यात विचार आहे. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद हे त्या संख्यांच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात, हा नियमही त्यात आहे.

षट्खंडागमात पर्याप्त मनुष्यांच्या संख्येला दोन मर्यादा घातल्या आहेत. ती दोनच्या सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्या वर्गाच्या खाली असावी, ही एक. ती कोडाकोडाकोडीच्या वर आणि कोडाकोडाकोडाकोडीच्या खाली असावी, ही दुसरी. कोडी म्हणजे कोटी. चार वेळा कोटी घेऊन केलेला गुणाकार म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये. त्याचीही स्थाने एकोणतीसच होतात. परंतु आपली संख्या त्याच्या जवळजवळ आठपट आहे! म्हणजे पहिल्या मर्यादेत ती बसते, दुसऱ्या मर्यादेबाहेर जाते. स्थाने सारखी असल्यामुळे ही विसंगती वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. वीरसेनस्वामींच्या मात्र ती लक्षात आली.

त्यांनी पुढे काय केले, हे लखनौ विद्यापीठातील गणितज्ञ डॉ. अवधेशनारायण सिंह यांनी धवलेच्या गणितावरील आपल्या लेखात नोंदवले आहे. परंपरेनुसार मनुष्यक्षेत्र म्हणजे अडीच द्वीपांचा पंचेचाळीस लाख योजन व्यासाचा प्रदेश. वीरसेनांनी मनुष्यांनी व्यापलेल्या क्षेत्राचे क्षेत्रफळ काढले आणि एवढी मोठी मनुष्यसंख्या त्यात मावणार नाही, असे दाखवून ते मत अमान्य केले.

समाजबांधवांनो, या घटनेचे महत्त्व मला फार वाटते. परंपरेने आलेली एक संख्या समोर आहे. ती सांगणारेही पूजनीय आचार्यच आहेत. तरीही टीकाकार सूत्राशी ती ताडून पाहतो, क्षेत्रफळाचा हिशेब मांडतो आणि आपली असहमती कारणासह लिहून ठेवतो. यात श्रद्धेला कोठेही धक्का लागत नाही. हिशेब तपासल्याने पेढीची पत वाढते, हे आपल्यासारख्या व्यापारी समाजाला निराळे सांगायला नको.

राष्ट्रकूटांच्या छत्राखाली

धवलेचा काळ हा राष्ट्रकूटांचा काळ होय. आज आपण ज्याला मराठवाडा म्हणतो, तो सर्व प्रदेश त्या काळी राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. हे राजे स्वतःला लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवत आणि लट्टलूर म्हणजे आपल्या शेजारचे लातूर, असे मानले जाते. त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. वेरूळच्या इंद्रसभा आदी जैन लेण्यांचे कामही याच सुमारास सुरू झाले. वीरसेनांचे शिष्य जिनसेन यांनी गुरूंची अपुरी राहिलेली जयधवला टीका ८३७ मध्ये पूर्ण केली. सम्राट अमोघवर्ष हे जिनसेनांना गुरुस्थानी मानत.

याच अमोघवर्षांच्या काळात, नवव्या शतकाच्या मध्यास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह हा ग्रंथ लिहिला. केवळ गणिताला वाहिलेल्या प्राचीन भारतीय ग्रंथांत त्याचे स्थान फार वरचे आहे. त्याच्या आरंभी आचार्यांनी सम्राटांची स्तुती केली आहे. एकपासून महाक्षोभपर्यंत चोवीस स्थानांची नावे त्यात आहेत. संख्या तिच्या गुणधर्मावरून सांगण्याची आवड महावीराचार्यांतही दिसते. गुणाकाराची उदाहरणे देताना त्यांनी अशा जोड्या निवडल्या की उत्तरे पुढून आणि मागून सारखीच वाचली जावीत, जणू गळ्यातला हारच. १३९ ला १०९ ने गुणले की १५,१५१ येतात. २,७९,९४,६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१ हे उत्तर येते. हे उत्तर सांगताना आचार्य एकपासून सहापर्यंत चढत जाणारे आणि पुन्हा क्रमाने उतरणारे अंक, असे त्याचे वर्णन करतात. विद्यार्थ्याचा गुणाकार चुकला, तर हाराचा मणी जागेवर नाही हे त्याला स्वतःलाच दिसावे, अशी ही सोय. जिज्ञासूंनी १,११,१११ ला त्याच संख्येने गुणून पाहावे. हेच उत्तर येईल.

अक्षरांत गुंफलेले अंक

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती झाले. श्रवणबेळगोळ येथील गोम्मटेश्वरांची भव्य मूर्ती घडवणारे चामुंडराय हे त्यांचे शिष्य. नेमिचंद्रांच्या गोम्मटसार ग्रंथातील जीवकांडात एक गाथा आहे. तिच्यात आपल्या संख्येचे एकोणतीसही अंक एकोणतीस अक्षरांत गुंफलेले आहेत.

त्याची रीत अशी. क ते झ ही अक्षरे म्हणजे १ ते ९. ट ते ध हीही १ ते ९. प ते म ही १ ते ५. य, र, ल, व, श, ष, स, ह ही १ ते ८. ञ आणि न म्हणजे शून्य. काना, मात्रा, वेलांटी यांना मूल्य नाही. गाथेतील अंक एकम स्थानापासून डावीकडे मांडत जायचे. गाथेची पहिली पाच अक्षरे काना-मात्रा वगळून त, ल, ल, न, म अशी आहेत. त्यांची मूल्ये ६, ३, ३, ०, ५. ती उजवीकडून डावीकडे लिहिली की ५०३३६ होतात. आरंभी दिलेल्या संख्येचे शेवटचे पाच अंक पाहावेत, ते हेच आहेत. उरलेली चोवीस अक्षरेही अशीच जुळतात. मी ती एकेक करून ताडून पाहिली आहेत.

वीरसेनांनी ज्या संख्येविषयी शंका घेतली, तीच संख्या पुढे नेमिचंद्रांनी स्वीकारली. दोन्ही मते ग्रंथांत राहिली आणि कोणी कोणाचे मत पुसून टाकले नाही. तसेच अनुयोगद्वार आणि गोम्मटसार हे दोन निराळ्या परंपरांचे ग्रंथ. एकाने गुणधर्म सांगितले, दुसऱ्याने अक्षरे. या दोन निरनिराळ्या वाटांनी जाऊन अखेरीस एकच संख्या हाती येते आणि तिच्या एकाही अंकात फरक पडत नाही. ज्या वारशाचे आपण दोन भाग झाले असे समजतो, त्याची तेरीज अशी एका ठिकाणी जुळते.

ताडपत्रांपासून अमरावतीपर्यंत

हे सर्व ज्ञान आपल्या हाती सहजासहजी आलेले नाही. धवला, जयधवला आणि महाबंध या सिद्धांतग्रंथांच्या कन्नड लिपीतील ताडपत्र-प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथील सिद्धांत बसदीत होत्या. शतकानुशतके भाविक त्यांचे दर्शन घेत, पण वाचणारे विरळ. ताडपत्रे जीर्ण होत होती. महाबंधाची काही पाने तर नष्टच झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी पुढाकार घेतला आणि या ग्रंथांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. ते अनेक वर्षे चालले. हे दोघेही पुढारी व्यापारी होते, याची नोंद आपल्या समाजाने अभिमानाने घ्यावी.

पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचे संपादन व हिंदी अनुवादाचे काम हाती घेतले. ते तेव्हा आपल्या विदर्भातील अमरावती येथे महाविद्यालयात प्राध्यापक होते. पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि सोळावा खंड १९५८ मध्ये. द्रव्यप्रमाणाचा तिसरा खंड १९४१ चा, आणि डॉ. सिंह यांचा वर उल्लेखिलेला लेख ज्यात आहे, तो चौथा खंड १९४२ चा. महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई असतानाही हे काम थांबले नाही. कोल्हापूरचे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचेही या कार्यात साहाय्य होते. जैन गणिताची ओळख आधुनिक अभ्यासकांना करून देणारा डॉ. विभूतिभूषण दत्त यांचा लेख त्यापूर्वी, १९२९ मध्ये, कोलकात्याला प्रसिद्ध झाला होता.

गणितसारसंग्रहाची कथाही अशीच आहे. मद्रासमध्ये प्रा. एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी अनुवादासह १९१२ मध्ये प्रकाशित केला. प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत काढला. आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या कुंथलगिरी सिद्धक्षेत्री १९५५ च्या सप्टेंबरमध्ये ज्यांनी सल्लेखनापूर्वक देह ठेवला, त्या आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरले गेले. ताडपत्राला वाळवी लागते, कागद पिवळा पडतो; तांबे टिकते, ही त्यामागील दृष्टी.

अभिमान आणि प्रमाण

या विषयावर बोलताना दोन टोके टाळावीत, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

पहिले टोक म्हणजे उपेक्षा. 'शास्त्रातल्या मोठमोठ्या संख्या, त्यांना काय अर्थ?' असे आपलीच तरुण मुले म्हणतात. त्यांना सांगावे की आपल्या शास्त्रांत मोठ्या संख्येचा सैल वापर नाही. संख्यात, असंख्यात आणि अनंत हे तीन निराळे प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ चालत नाही. अनुयोगद्वारात कालगणनेची शीर्षप्रहेलिका ही संख्या आहे. चौऱ्याऐंशी लाख ही संख्या अठ्ठावीस वेळा घेऊन गुणाकार केला की ती मिळते. चोपन्न अंक आणि त्यांवर एकशे चाळीस शून्ये, अशी एकशे चौऱ्याण्णव स्थाने ती व्यापते. एवढी प्रचंड असूनही ती संख्यातच आहे, असंख्यात नव्हे! त्यापलीकडच्या काळासाठी पल्योपम आणि सागरोपम अशी उपमेची मापे योजली आहेत. जे मोजता येते ते मोजून सांगायचे आणि जेथे मोजणी थांबते तेथे तसे स्पष्ट म्हणायचे, हा या विभागणीचा अर्थ.

दुसरे टोक म्हणजे अतिशयोक्ती. सगळे आधुनिक गणित आमच्याकडे आधीच होते, असे भाषणांतून ऐकू येते. अर्धच्छेदाची कल्पना ही आजच्या गणितातील दोन या पायावरील लॉगॅरिथमशी जुळते, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. परंतु त्या कल्पनेवर आधारलेली कोष्टके तयार करून खगोलाचे किचकट गुणाकार बेरजेवर आणण्याचे काम स्कॉटलंडच्या जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये जगापुढे ठेवले. दोघांचे श्रेय आपापल्या जागी ठेवावे. दुसऱ्याच्या खात्यातील रक्कम आपल्या नावे लिहिल्याने आपली शिल्लक वाढत नाही.

तसेच ही संख्या म्हणजे आपल्या पृथ्वीची जनगणना नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटींवर गेली. बादालाची दुप्पट सुमारे ८५९ कोटी होते. आपण अजून तेथवरही पोहोचलेलो नाही. म्हणजे आजच्या जगातील सर्व माणसांचे अर्धच्छेद तेहतीसही भरत नाहीत. शास्त्रातील संख्या अडीच द्वीपांतील मनुष्यांविषयी आहे आणि तो श्रद्धेचा व आगमाचा विषय आहे. तिचे गणित मात्र कोणालाही, कोठेही तपासता येते. श्रद्धा असणाऱ्याला आणि नसणाऱ्याला, दोघांनाही शहाण्णवाव्या छेदानंतर एकच मिळतो.

पुढील पन्नास वर्षांसाठी

पूर्वी आपल्या भागातील पंतोजींच्या शाळेत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ म्हणत आणि त्या बळावर दुकाने चालत. आता दुकानात संगणक आला आणि बिल आपोआप छापून येते. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. सोय ही सोयच. परंतु उत्तर बरोबर आहे की नाही, हे स्वतः पाहण्याची सवय मात्र सुटू नये.

यासाठी एक साधी सूचना विश्वस्त मंडळापुढे ठेवतो. आपल्या पाठशाळेतील सातवी-आठवीच्या मुलामुलींना पर्युषणाच्या सुट्टीत ही संख्या द्यावी आणि कागदावर, हाताने, शहाण्णव वेळा निम्मी करायला सांगावी. शहाण्णव ओळींचे काम आहे; दोन-तीन बैठकांत होईल. ज्याची शेवटची ओळ एक येईल, त्याचा हिशेब बरोबर. ज्याची येणार नाही, त्याने आपली चूक आपणच शोधावी. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई येथील पाठशाळांनीही हा उपक्रम घ्यावा. श्वेतांबर आणि दिगंबर घरांतील मुलांनी तो एकत्र बसून करावा, कारण संख्या दोघांचीही आहे. सोबत धवलेचा तिसरा व चौथा खंड आणि गणितसारसंग्रह आपल्या ग्रंथालयात असावेत. त्यांचा खर्च फार नाही आणि त्यासाठी दाते मिळतील, अशी माझी खात्री आहे.

आपल्या पूर्वजांपैकी कोणी सूत्र पाठ केले, कोणी ताडपत्रावर कोरले, कोणी शंका लिहून ठेवली, कोणी नकलेसाठी पैसा दिला आणि कोणी मुद्रिते तपासली. त्यामुळे एकोणतीस अंकांची ती ओळ एकही अंक न गमावता आपल्यापर्यंत आली. ती पुढच्या पिढीच्या हाती देताना तिचा ताळाही सोबत द्यावा, एवढीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी सर्व समाजबांधव आणि भगिनींना विनंती.

लेखात काही न्यून राहिले असल्यास विद्वज्जनांनी उदार मनाने क्षमा करावी. मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.